विस्तवापाशी कोण उभे राहणार?

दिवाळीचा अंक उघडून घरातली मंडळी पाय पसरून बसतात, तेव्हा त्याच घरातले एक माणूस सहसा कढईपुढे उभे असते. चकलीचा घाणा उतरतो न उतरतो तो शेवेचा सोऱ्या भरायचा असतो. करंज्या ओल्या फडक्याखाली आपल्या पाळीची वाट पाहत असतात. तळणीची कला मोठी, पण तिची एक अट आहे. जो तळतो त्याने हलायचे नाही, आणि गरम गरम ज्यांना वाढायचे त्यांच्याबरोबर जेवायलाही बसायचे नाही.

या अटीचा इतिहास मी आज सांगणार आहे. त्यासाठी मी उदाहरण घेतले आहे ते कोंबडीच्या मांडीचे. ऐन दिवाळीच्या अंकात हा विषय काढला म्हणून शाकाहारी वाचकांनी रागावू नये. हीच कथा त्यांना बटाट्याला लावून वाचता येईल. ज्या यंत्रापाशी ही कथा संपते ते यंत्र मुळात बटाट्यासाठीच जन्माला आले.

ते यंत्र म्हणजे एअर फ्रायर. गेल्या भाऊबिजेला माझ्या धाकट्या भावाने ओवाळणीच्या तबकात पाकीट न ठेवता हे भले थोरले खोके पाटाशेजारी आणून ठेवले. कारण उघड होते. डॉक्टरांनी आमच्या अण्णांचे तळलेले खाणे बंद केले होते, आणि वर्षभर अण्णा जेवणाच्या पानावरून मुकाट्याने उठत होते. मी शाळेत इतिहास शिकवते, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. विज्ञानाचे माझे भांडवल मॅट्रिकपुरतेच. त्या भांडवलावर मी दुसऱ्याच दिवशी पहिला प्रयोग केला. कोंबडीच्या छातीचे बिनहाडाचे, सोललेले तुकडे दह्यात मुरवले, टोपली काठोकाठ भरली, आणि रंग येत नाही म्हणून वेळ वाढवत गेले. बाहेर पडले ते वरून ओले आणि आतून कोरडे असे काहीतरी. अण्णांनी एक घास चावून चावून गिळला आणि म्हणाले, "खोकं चांगलं आहे गं. कोंबडी बिचारी फुकट गेली."

मास्तरणीला नापास होणे सोसवत नाही. आपले कुठे चुकले ते शोधावे म्हणून मी वाचू लागले आणि वाचता वाचता दोनशे-सव्वादोनशे वर्षे मागे गेले.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. मांस रसरशीत शिजवणे माणसाला फार पूर्वीपासून साधले आहे. आम्ही रायगडकडची माणसे. थंडीत आमच्याकडे पोपटी लागते. मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला लावायचा, त्यात वालाच्या शेंगा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, ओवा, मीठ असे थर द्यायचे, तोंड पुन्हा पाल्याने बंद करायचे, आणि मडके पालथे घालून भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. तेलाचा थेंब नाही, पाण्याचा थेंब नाही. माणसे भोवती गप्पा मारत बसतात. मडके उघडले की कोंबडी अशी मऊ निघते की हाड नुसते ओढावे. पण तिला कुरकुरीत कोणी म्हणणार नाही. मडक्याचे तोंड बंद असल्यामुळे कोंबडीतून निघालेली वाफ आतच कोंडते, आणि ओल्या वाफेत कातडी कधी कडक होत नाही.

रसाळपणाला वाफ हवी, कुरकुरीतपणाला वाफ नको. स्वयंपाकातले हे जुने भांडण आहे. पाणी १०० अंशांना उकळते. पदार्थाच्या अंगावर जोवर ओल आहे, तोवर त्याचा पृष्ठभाग त्यापुढे फारसा तापत नाही, आणि खमंग तांबूस रंग भराभर चढायचा तर १४० अंशांच्या पुढे जावे लागते. म्हणजे बाहेरची ओल पळवायची आणि आतली राखायची. हे दोन्ही एकदम साधायचे तर जुन्या काळी एकच उपाय होता, तो म्हणजे विस्तवापाशी एक जिवंत माणूस उभे करणे.

इंग्लंडातल्या मोठ्या घरांतून मांस भाजत ते उघड्या जाळासमोर, लोखंडी सळईला टोचून. ती सळई सतत फिरवावी लागे, नाहीतर एक बाजू जळे आणि दुसरी कच्ची राही. हे काम हलक्यातल्या हलक्या पोरांकडे असे. जाळाच्या धगीत तासन् तास बसून ती पोरे सळई फिरवीत. पुढे पोरांच्या जागी कुत्री आली. भिंतीवर एक लाकडी चाक बसवायचे, त्यात आखूड पायांचे, लांबट अंगाचे कुत्रे सोडायचे, ते धावले की सळई फिरे. सोळाव्या शतकातल्या इंग्रजी ग्रंथात या कुत्र्यांची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात यंत्रे आली आणि ती जातच नाहीशी झाली. खमंग भाजलेल्या मांसाची थोरवी गाणारे पुष्कळ झाले, पण त्या मांसासाठी कुत्र्याची एक वेगळी जात चाकात जुंपली होती, हे सहसा कोणी सांगत नाही.

या पोरा-कुत्र्यांना रजा देण्याची युक्ती ज्याला सुचली तो गृहस्थ मोठा विलक्षण होता. बेंजामिन थॉम्पसन त्याचे नाव. १७५३ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी तो जन्मला. आरंभी तो आमच्यासारखाच शाळामास्तर होता. स्वातंत्र्ययुद्धात त्याने इंग्रजांची बाजू धरली, त्यांच्यासाठी हेरगिरी केली, आणि बायको व तान्ही मुलगी मागे टाकून तो परागंदा झाला. पुढे बव्हेरियाच्या इलेक्टरच्या पदरी राहून तो काउंट रम्फर्ड झाला. रम्फर्ड हे त्याने मास्तरकी केली त्या गावाचे जुने नाव. घरच्यांशी निष्ठुर असलेल्या या माणसाने म्युनिकच्या भिकाऱ्यांसाठी मात्र उद्योगगृह काढले आणि त्यांना पोटभर सूप मिळावे म्हणून चुली सुधारल्या. माणसाची कुंडली एका रंगात कधी मांडता येत नाही.

त्याला तांदळाची दाट पेज फार आवडे. एकदा पेजेची वाटी तशीच राहून गेली. तासाभराने त्याने वरचा घास घेतला तो थंडगार, आणि खाली चमचा घातला तेव्हा तोंड पोळले. आपल्यापैकी कोणाचे तोंड खिमटाने पोळले नाही? आपण फुंकर घालतो आणि विसरतो. रम्फर्ड विसरला नाही. दाट पदार्थाला जागचे हलता येत नाही म्हणून त्यातली उष्णताही हलत नाही. पाणी आणि हवा हलतात, आणि हलताना उष्णता वाहून नेतात, असा विचार त्याने मांडला. शाळेच्या पुस्तकात आपण ज्याला अभिसरण म्हणतो ते हेच.

या विचारातून १७९९ च्या सुमारास त्याची भाजणीची भट्टी जन्मली. ते एक आडवे लोखंडी नळकांडे होते. आत जाळी, जाळीवर मांस. जाळीखाली गळणारी चरबी झेलायला थाळी, आणि चरबी जळून धूर होऊ नये म्हणून तिच्याखाली पाणी. नळकांड्याच्या बुडाशी विस्तवातून तापणाऱ्या दोन नळ्या, वरती वाफ बाहेर सोडणारी एक नळी. मांस शिजेपर्यंत हे सारे मार्ग बंद ठेवायचे. शेवटी ते उघडायचे, की तापलेल्या हवेचा झोत आत शिरे, कोंडलेली वाफ बाहेर पडे आणि मांसाला रंग चढे. आधी पोपटी आणि मग तळण, अशी ही जोड होती. सळई नको, पोर नको, कुत्रे नको.

मी हे वर्णन वाचले तेव्हा ओट्यावरच्या आमच्या खोक्याकडे वळून पाहिले. तापलेला वारा, जाळी, खाली थाळी, मागे वाफ सोडणारे तोंड, सारे तेच. उणीव होती एका पंख्याची.

त्या पंख्याला दीडशे वर्षे लागली. तोवर शास्त्रज्ञ दुसऱ्या वाटेने चालले होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने १८४७ साली सांगितले की मांस आधी कडकडीत तापवले की वर कवच धरते आणि आतला रस कोंडला जातो. इतक्या मोठ्या माणसाचा शब्द. जगभरच्या स्वयंपाकघरांनी तो शिरोधार्य मानला. तो चुकीचा निघाला. कवचातून रस झिरपतोच. तव्यावरचा चर्र आवाज हा त्या झिरपलेल्या रसाचाच असतो. मग कवच खमंग का लागते? याचा धागा १९१२ साली लुई-कामिय मायार या फ्रेंच संशोधकाला सापडला. प्रथिनांमधली अमिनो आम्ले आणि साखर उष्णतेने एकमेकांशी भिडली की तपकिरी रंग येतो, हे त्याने दाखवले. या क्रियेच्या पायऱ्या १९५३ साली अमेरिकेतल्या जॉन हॉज यांनी नीट मांडून दिल्या. भाकरीचा पापुद्रा, भाजलेले कॉफीचे दाणे, कोंबडीची तांबूस कातडी, ही सारी एकाच घरची भावंडे ठरली.

पंखा आला तो विमानातून. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस लांब पल्ल्याच्या विमानांत गरम जेवण कसे द्यावे, हा प्रश्न होता. विमानात कढई कोण मांडणार? एकेकाळी अमेरिकन नौदलात असलेले विल्यम मॅक्सन यांनी १९४५ साली जमिनीवर शिजवून गोठवलेली जेवणाची ताटे तयार केली, आणि ती वर आकाशात गरम करायला विजेची एक लहान भट्टी केली. तिच्या पाठीशी पंखा होता. तिचे नावच ‘वावटळ भट्टी’ या अर्थाचे होते. पंख्यामुळे काय झाले, ते धुणे वाळत घालणाऱ्या कोणालाही सांगायला नको. वारा नसला की ओल्या लुगड्याभोवती दमट हवा घोटाळत राहते. वारा सुटला की ती उडून जाते आणि लुगडे भराभर वाळते. पदार्थाभोवतीही असेच थंड, दमट हवेचे पांघरूण असते. पंखा ते ओढून काढतो. १९४७ साली मॅक्सन वारले. पुढे पंख्याच्या भट्ट्या पावाच्या कारखान्यांत आणि उपाहारगृहांत स्थिरावल्या. पण त्या मोठ्या, कपाटाएवढ्या.

त्या घरच्या ओट्यावर आल्या बटाट्याच्या पायी. हॉलंडमध्ये तळलेल्या बटाट्याच्या काड्या म्हणजे आपल्याकडची भजी. रस्त्यावर उभे राहून खायची वस्तू. २००६ साली फ्रान्सच्या तेफाल कंपनीने एक यंत्र काढले. त्यात चमचाभर तेलात एक लहान पाते बटाटे आपोआप ढवळत राही. ढवळणाऱ्या हाताला त्याने रजा दिली. त्याच सुमारास फ्रेड व्हान डर वाय नावाचा डच संशोधक घरच्या घरी, कढईवाचून कुरकुरीत बटाटे कसे होतील याच्या मागे लागला होता. त्याने भट्टीच लहान केली. वर विजेचे वेटोळे, त्यावर जोरकस पंखा, खाली भोकांची टोपली. जागा जितकी लहान, तितका वारा जोरात फिरतो. फिलिप्स कंपनीने हे यंत्र २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडले आणि ‘एअर फ्रायर’ हे नाव जगभर झाले. खरे पाहता त्यात तळण्याचा संबंध नाही. ही रम्फर्डची भट्टी, मॅक्सनचा पंखा लावलेली. पण ‘पंख्याची लहान भट्टी’ म्हणून ती किती खपली असती? बाजाराला वस्तूपेक्षा बारशाची घाई असते.

आता माझी चूक मला दिसू लागली. टोपली मी ठासून भरली होती. वाऱ्याला फिरायला जागाच ठेवली नाही. मी पंख्याच्या यंत्रात पोपटी लावली होती. दुसरी चूक तुकड्याची. कोंबडी उडते क्वचित, पण दिवसभर चालते. म्हणून तिच्या छातीचे मांस फिकट, आणि मांडीचे गडद. त्यात प्राणवायू साठवणारे मायोग्लोबिन असते. मांडीत चरबी अधिक, आणि कोलॅजेनचे चिवट धागेही अधिक. हे धागे ७० अंशांच्या पुढे हळूहळू विरघळून जिलेटिन होतात. छाती ७४ अंशांच्या पुढे गेली की कोरडी पडते. मांडी ८०-८५ पर्यंत नेली तर उलट अधिक मऊ होते. वाऱ्याच्या झोतात टिकायचे तर तुकडा मांडीचाच हवा.

या मांडीचे नशीबही गमतीचे. अमेरिकेत लोकांना पांढरे मांस प्रिय, म्हणून तंगड्या उरत. १९९० साली त्या सोव्हिएत रशियाला पाठवण्याचा करार झाला, आणि रशियन माणसे त्यांना अमेरिकेच्या अध्यक्षांवरून ‘बुशच्या तंगड्या’ म्हणू लागली. भारताने २००७ साली बर्ड फ्लूच्या कारणाने अमेरिकेची कोंबडी अडवली, तेव्हा प्रकरण जागतिक व्यापार संघटनेत गेले आणि २०१५ साली निकाल भारताविरुद्ध लागला. तिकडे जी उरते, तीच आपल्या घरांत मानाची. लेगपीस म्हणजे पाहुण्याचा, जावयाचा, नाहीतर रडणाऱ्या पोराचा. आमच्या घरी चार तुकड्यांची वाटणी ठरलेली असे: एक अण्णांना, एक भावाला, एक मला, एक आल्यागेल्याला. आई पातेल्यातली मान, पाठ आणि रस्सा घेई. "मला हेच आवडतं," असे ती म्हणे, आणि आम्ही चाळीस वर्षे ते खरे धरले.

तिसरी चूक होती कातडीची. आपल्याकडे कोंबडीवाला कातडी ओढून काढतो, कारण गरम पाण्यात बुचकळून पिसे उपटण्यापेक्षा ते झटपट होते. रश्श्याला त्याने काही बिघडत नाही. पण या यंत्राची सारी तळणी त्या कातडीखाली असते. मी त्याला म्हटले, "दादा, मांड्या हव्यात, हाडासकट आणि कातडीसकट." त्याने दोनदा विचारून घेतले, आणि "उद्या सकाळी लवकर या" म्हणाला.

आदल्या रात्री मांड्या कोरड्या पुसून मीठ, मिरपूड आणि किंचित हळद चोळली व उघड्याच फ्रिजमध्ये ठेवल्या. मीठ आधी पाणी बाहेर ओढते, मग त्यातले बरेचसे मांसात परत मुरते, आणि कातडी वाळते. दुसऱ्या दिवशी यंत्र २०० अंशांवर तापवून चार मांड्या एकमेकींना न चिकटता ठेवल्या. आधी कातडी खाली करून १२ मिनिटे, मग कातडी वर करून आणखी १२. मधे थोडा धूर येऊ लागला. आई उठली आणि खालच्या कप्प्यात तिने भांडेभर पाणी ओतले. "तूप जळतंय आत," एवढेच म्हणाली. रम्फर्ड कोण ते तिला ठाऊक नव्हते. सुई खुपसून पाहिली, ८२ अंश. पाच मिनिटे तशाच राहू दिल्या.

कप्पा बाहेर काढला तेव्हा खालच्या पाण्यावर चरबीचा जाड थर तरंगत होता. अण्णा वाकून पाहत म्हणाले, "तेल घातलं नाहीस म्हणतेस, मग हे काय?"

"ते तिचंच, अण्णा."

अण्णांनी मान डोलावली. त्यांच्या वाट्याला एकच मांडी, तीही अर्ध्या कातडीची, हे मी आधीच ठरवले होते. वाऱ्याने भाजली म्हणून चरबी औषध होत नाही. पण दाताखाली कातडी कुर्र वाजली तेव्हा त्यांनी डोळे मिटले, आणि वर्षभरात प्रथमच ते पानावर रेंगाळले.

मी चार पाने एकदम मांडली होती. चारही मांड्या एकाच वेळी तयार, मग मागे थांबायचे कोणी? तरी आई यंत्रापाशीच उभी होती, कप्प्याच्या मुठीवर हात ठेवून, जणू ती सोडली तर विस्तव विझेल.

"आता काय राहिलंय तिथं? बस ना," अण्णा म्हणाले.

"उभं राहायची सवय आहे हो," ती म्हणाली, आणि पदराला हात पुसत येऊन बसली. मी तिच्या पानात मांडी वाढली. तिने आधी कातडी मोडली, मग हाडापासून मांस सोडवले, पहिला घास घेतला आणि माझ्याकडे पाहिले.

"अगंबाई," ती म्हणाली, "मांडी इतकी मऊ असते होय?"